आठ्या गेल्या, पापण्या उतरल्या : सोलापुरातलं एक प्रकरण

वय ६३. निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार जुळे सोलापूर. मुलाचं लग्न आठवड्यावर आलेलं असताना मुलगी त्यांना घेऊन माझ्याकडे, डोळ्यांच्या दवाखान्यात, आली. तक्रार एका ओळीची होती: दोन्ही डोळे नीट उघडत नाहीत. घरच्यांनी धसका घेतला होता तो लकव्याचा. शेजारणीने तर लकव्यावर कुठल्या गावी कोण औषध देतं त्याचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला होता आणि ती चिठ्ठी पर्समध्ये होती. ओळख पटेल असं काहीही इथे लिहिलेलं नाही. आयुष्य शाळेत गेल्यामुळे गल्लीत सगळे त्यांना ‘बाई’ म्हणतात, मीही तेच म्हणते.

वय झालं की चेहऱ्याचे स्नायू सैल पडतात, असं आपण धरून चालतो. बाईंच्या कपाळात गोष्ट उलटी होती. तिथला एक स्नायू कित्येक वर्षं दुसऱ्याच्या वाट्याची जादा पाळी करत होता. तो बंद पडला तेव्हा तो काय करत होता हे कळलं. प्रकरण लिहून काढण्याचं कारण तेवढंच आहे.

काय घडलं

लग्न मार्गशीर्षातलं. मुलगी पुण्याला नोकरीला, ती पंधरा दिवस आधीच आली होती. जुने फोटो चाळताना ती आईला म्हणाली, “आई, कपाळ बघ कसं दिसतंय. आजकाल सगळ्या करतात, एकदा दाखवून तरी येऊ.” शहरातल्या एका त्वचेच्या दवाखान्यात दोघी गेल्या. कपाळावरच्या आडव्या आठ्यांसाठी बोटुलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं घेतली. सगळे याला बोटॉक्स म्हणतात, ते खरं तर एका कंपनीच्या औषधाचं नाव आहे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आठ्या पुसट झाल्या. आठवड्याच्या आत कपाळ गुळगुळीत. बाई आरशात बघून खूशही झाल्या. मग डोळ्यांवर ओझं ठेवल्यासारखं वाटू लागलं. पेपर वाचताना हनुवटी वर जाऊ लागली. पत्रिका कोणाला पोचल्या त्या यादीवर खुणा करताना उजवी पापणी बोटाने वर धरावी लागली. सात रस्त्याला सिग्नल दिसेना म्हणून त्या रस्त्याच्या कडेला तशाच उभ्या राहिल्या आणि मुलाला फोन करून बोलावून घेतलं. मला म्हणाल्या, “मान वर केल्याबिगर समोरचा माणूसच दिसंना बघा मॅडम. लग्नात काय वरच बघत फिरू काय?”

त्वचेच्या दवाखान्यातून उत्तर मिळालं होतं की औषधाचा असर आहे, उतरेल. उत्तर चूक नव्हतं. पण असं का झालं हे कोणी सांगितलं नव्हतं. न कळलेल्या गोष्टीची भीती मोठी होते, आणि घरात लग्न असलं की आणखीच.

लकवा का नव्हे

हे आधी निकालात काढलं, कारण मुलाला रात्रभर झोप नव्हती.

मेंदूच्या झटक्यात तोंड वाकडं होतं तेव्हा बहुधा चेहऱ्याचा खालचा भाग जातो आणि कपाळ वाचतं. कपाळाच्या दोन्ही बाजूंना मेंदूच्या दोन्ही अर्ध्यांकडून तारा येतात, एक तुटली तरी दुसरी असते. चेहऱ्याची नस स्वतः सुजली, ज्याला बेल्स पाल्सी म्हणतात, तर त्या बाजूचं कपाळही जातं आणि ओठही जातो, डोळा मिटत नाही. बाईंचं हसू दोन्हीकडे सारखं होतं, गाल फुगवता येत होते, डोळे घट्ट मिटल्यावर माझ्या बोटांनी उघडेनात. फक्त “भुवया वर करा” म्हटलं की दोन्ही बाजूंना काहीही हलत नव्हतं. जिथे इंजेक्शन, तिथेच शांतता. मुलाला हे दाखवलं तेव्हा तो खुर्चीवर बसला.

डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्या एकसारख्या होत्या, डोळे सगळ्या दिशांना फिरत होते, दोन-दोन दिसत नव्हतं. म्हणजे डोळे फिरवणारी तिसरी नसही ठीक होती.

एक शंका मात्र सहज सोडता येत नव्हती: मायस्थेनिया ग्रॅव्हिस. त्यात नस आणि स्नायू यांच्या सांध्यावर निरोप पोचत नाही, सकाळी बरं असतं आणि दिवस चढेल तशी पापणी उतरते. बोटुलिनम टॉक्सिन त्याच सांध्यावर काम करतं, त्यामुळे आधीपासून लपलेला मायस्थेनिया त्याने उघडा पडू शकतो. बाई म्हणत होत्या, संध्याकाळी जास्त त्रास होतो. म्हणून त्यांना दोन मिनिटं छताकडे टक लावून बघायला लावलं. पापणी आणखी खाली घसरली नाही. मग मिटलेल्या डोळ्यांवर दोन मिनिटं बर्फाची पिशवी ठेवली. मायस्थेनियात गारव्याने पापणी काही मिनिटांपुरती दोन मिलिमीटर किंवा जास्त उचलली जाते. इथे काही फरक पडला नाही. रक्ताची तपासणीही नंतर निगेटिव्ह आली, पण फक्त डोळ्यांपुरत्या मायस्थेनियात ती निम्म्या रुग्णांत तशीच येते. त्यामुळे भिस्त त्या कागदावर न ठेवता तपासणीवर ठेवली.

अंगठ्याखालचं कपाळ

पापणी किती खाली आहे ते मोजायची रीत साधी आहे. समोर टॉर्च धरायचा, बुबुळावर त्याचा चमकता ठिपका पडतो, त्या ठिपक्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंत अंतर मोजायचं. साधारणपणे ते ४ ते ५ मिलिमीटर असतं. बाईंचं उजवीकडे १, डावीकडे २. उजवी कड बाहुलीच्या वरच्या भागावरच आली होती.

आता प्रश्न असा की पापणी का उतरली. इंजेक्शनचं औषध खाली झिरपून पापणी उचलणाऱ्या मूळ स्नायूत गेलं, की आणखी काही? पापणी उचलणारा हा स्नायू, लिव्हेटर, खोबणीच्या आत असतो आणि तो तिसऱ्या नसेवर चालतो. कपाळाच्या स्नायूशी, फ्रंटॅलिसशी, त्याचं नातं नाही. फ्रंटॅलिस चेहऱ्याच्या सातव्या नसेवर चालतो. वेगळं खातं, वेगळा साहेब.

मी अंगठ्याने बाईंची भुवई हाडावर दाबून धरली, म्हणजे कपाळाची मदत पूर्ण बंद. मग खाली बघायला सांगितलं, मग वर. पापणीची कड उजवीकडे १३ मिलिमीटर सरकली, डावीकडे १४. १२ च्या वर असलं की आम्ही लिव्हेटर धडधाकट मानतो. औषध तिथे गेलं असतं तर हा आकडा पडला असता. म्हणजे मूळ स्नायूत जोर होता, पण त्याची ओढ पापणीपर्यंत पोचत नव्हती. आणखी दोन खुणा जुळल्या. पापणीवरची घडी नेहमीपेक्षा वर सरकलेली होती, उजवीकडे कडेपासून १२ मिलिमीटरवर (बायकांत साधारण ८ ते १० असते). आणि खाली बघतानाही उजवी पापणी डावीपेक्षा खालीच राहत होती.

या खुणा वयाने येणाऱ्या टोसिसच्या, म्हणजे पापणी पडण्याच्या, आहेत. लिव्हेटर पुढे येताना त्याचा एक पातळ, चिवट पडदा होतो, आणि तो पडदा पापणीतल्या कडक पट्टीला चिकटतो. वयानुसार तो ताणतो, पातळ होतो, कधी कधी पट्टीवरून सुटून मागे सरकतो. मोठ्या माणसांत नव्याने पापणी पडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. डोळे चोळण्याच्या सवयीने ते लवकर येतं, आणि सोलापूरच्या धुळीत डोळे न चोळणारा माणूस शोधावा लागेल. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही येतं. बाईंच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू दोन वर्षांपूर्वी निघाला होता. उजवी जास्त का, याचं उत्तर बहुधा तिथे आहे.

पण मग इंजेक्शनच्या आधी हे कोणाला कसं दिसलं नाही?

फोटो

मुलीला म्हटलं, घरात असतील नसतील तेवढे जुने फोटो आणा. तिने मोबाइलमध्ये फोटो काढून आणले, अल्बममधले, शाळेतले, आधार कार्डावरचा. (आधारच्या फोटोत सगळेच दचकलेले दिसतात, त्याचा उपयोग झाला नाही.)

चाळिशीतला एक फोटो होता, हुरडा पार्टीचा, शेतात. भुवया हाडाच्या कडेवर आडव्या, डोळे मोकळे, कपाळ साफ. पन्नाशीनंतरच्या फोटोंत भुवया हळूहळू वर चढत गेल्या आहेत आणि कपाळावर रेघा उमटू लागल्या आहेत. निवृत्तीच्या समारंभाचा फोटो सगळ्यात बोलका. हातात नारळ, खांद्यावर शाल, मागे फळा. भुवया अशा वर गेलेल्या की बाईंना कोणी चकित करणारी बातमी दिली असावी. चार आडव्या आठ्या. मी मोबाइलवर तो भाग मोठा केला. उजवी भुवई डावीपेक्षा स्पष्ट वर होती आणि उजवीकडच्या रेघा जास्त खोल. मोतीबिंदू तेव्हा निघाला नव्हता, तरी उजवीकडे सुरुवात झाली होती. ऑपरेशनने फक्त भर घातली असं म्हणावं लागेल.

“शाळेतली पोरं माझी नक्कल करायची,” बाई म्हणाल्या. “भुवया वर करून ‘बसा खाली’ म्हणायची.” मुलीने ती नक्कल करून दाखवली. ते सगळ्यांना बाईंच्या स्वभावाचा भाग वाटत होतं.

गंमत अशी की, त्वचेच्या दवाखान्यात आठ्या दाखवायला हाच फोटो नेला होता.

फ्रंटॅलिस भुवई वर ओढतो आणि भुवईबरोबर पापणीची कातडी दोन-तीन मिलिमीटर वर जाते. पापणी उतरू लागली की मेंदू हा आधार घेतो, माणसाला न कळता. जपानमधल्या शिंशू विद्यापीठातले कियोशी मात्सुओ यांचं म्हणणं असं की पापणीतला छोटा म्युलर स्नायू ताणला गेला की त्यातून संदेश जातो आणि लिव्हेटरबरोबर फ्रंटॅलिसही आपोआप आखडतो. मार्ग नेमका कोणताही असो, परिणाम दवाखान्यात रोज दिसतो: डोळे उघडे आहेत तोवर कपाळाला सुटी नाही. फ्रंटॅलिसचे तंतू उभे असतात, म्हणून घड्या त्यांना आडव्या पडतात. वर्षानुवर्षं त्याच जागी कातडी दुमडत राहिली की रेघ कायमची होते.

मी बाईंना विचारलं, संध्याकाळी डोकं दुखतं का? मुलीने आईकडे बघितलं. गेली काही वर्षं रोज संध्याकाळी कपाळाला बाम. आधी चष्म्याचा नंबर बदलून झाला, मग बीपीची गोळी बदलून झाली. दिवसभर आखडलेला स्नायू दुखतो ही शक्यता कोणाच्या मनात आली नाही, कारण तो आखडलेला आहे हेच कोणाच्या लक्षात नव्हतं. आणि एकट्या डोकेदुखीवरून ती येईलच असंही नाही. डोकेदुखीची कारणं पोत्याने असतात.

वय चेहऱ्यात काय करतं

इथे थोडं थांबायला हवं, कारण मुलीचा पुढचा प्रश्न सगळ्यांचाच असतो: वय झाल्यावर चेहरा उतरतो तो स्नायू ढिले पडल्यामुळेच ना?

अंगाच्या बाकी स्नायूंचं बऱ्याच अंशी तसं आहे. साठीनंतर पाठीच्या कण्यातल्या स्नायू हलवणाऱ्या पेशी कमी होत जातात, उरलेल्या पेशी अनाथ तंतूंना आपल्यात घेतात, जलद आखडणारे तंतू आधी बारीक होतात. मांडीला हे लवकर जाणवतं, जिना सांगतो. चेहऱ्यातही झीज होते. पापणीची उघडझाप वयानुसार लहान आणि संथ होते हे मोजलेलं आहे. पण चेहऱ्याचे स्नायू एरवीही निराळे. बहुतेकांचं एक टोक तरी थेट कातडीत रुतलेलं असतं. फ्रंटॅलिसला तर हाडाचा आधारच नाही, तो डोक्यावरच्या पडद्यापासून निघतो आणि भुवईच्या कातडीत संपतो. आणि ते दिवसभर चालू असतात: बोलणं, खाणं, मिचकावणं, उन्हात डोळे बारीक करणं. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला गेला की इथल्या रस्त्यावर कोणाचा चेहरा आरामात असतो?

चेहरा उतरण्यात मोठा वाटा इतरांचा आहे. खोबणीची हाडाची कड वयानुसार वरच्या-आतल्या आणि खालच्या-बाहेरच्या कोपऱ्यांत मागे सरते, गालाचं हाड आणि वरचा जबडा आत जातो, दात पडले की जबड्याचं हाड विरघळतं, चरबीच्या गाद्या आटतात आणि घसरतात, कातडीतलं कोलॅजन कमी होतं. तंबू तोच, खांब आखूड झाले. बाईंच्या दाढा गेल्यापासून त्यांनी कडक भाकरी सोडली आहे, गाल बसले ते बरंचसं त्यामुळे, असं मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “ते मला माहितीय, आरसा आहे घरात.”

ड्यूशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली प्रसिद्ध केलेले फोटो वैद्यकातल्या बहुतेकांनी पाहिलेले असतात. एका दात पडलेल्या, हडकुळ्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर विजेच्या दांड्या लावून तो एकेक स्नायू वेगळा आखडून दाखवतो. त्या माणसाच्या चेहऱ्याला स्पर्श कमी जाणवायचा, म्हणून त्याला ते सोसलं. मला त्या फोटोंत वेगळीच गोष्ट दिसते: इतक्या सुरकुतलेल्या चेहऱ्यातले स्नायू किती चोख कामावर आहेत. भीती म्हटलं की भीती, हसू म्हटलं की हसू.

“मग व्यायाम?” मुलीच्या मोबाइलवर चेहऱ्याच्या योगाचे व्हिडिओ तयारच होते. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातला एक छोटा अभ्यास २०१८ मध्ये आला होता. ४० ते ६५ वयाच्या २७ बायकांनी सुरुवात केली, १६ जणींनी २० आठवडे नेटाने व्यायाम केला, आणि त्यांचे गाल थोडे भरलेले दिसले. तुलनेला व्यायाम न करणारा गट नव्हता, तेव्हा त्यावर फार इमले बांधू नयेत. गालापुरतं एक वेळ ठीक. पण बाईंच्या पापणीतला स्नायू कमजोर नव्हताच. ताणून सुटलेला पडदा व्यायामाने आखूड होत नाही. आणि कपाळाला व्यायाम देण्यासारखं तिथे काय उरलं होतं? तेच तर ते बिचारं वर्षानुवर्षं करत होतं.

लग्न, गड्डा आणि वाट पाहणं

बोटुलिनम टॉक्सिन नसेच्या टोकातलं एक प्रथिन कापतं, त्यामुळे ॲसिटिलकोलीन हे निरोप नेणारं रसायन बाहेर पडत नाही आणि स्नायूला निरोप मिळत नाही. झालेल्या परिणामावर उतारा नाही. टोकं पूर्ववत व्हायला तीन-चार महिने जातात. हे औषध मुळात आमच्याच, डोळ्यांच्या खात्यातलं: ॲलन स्कॉट या नेत्रतज्ज्ञाने ते तिरळेपणासाठी वापरात आणलं आणि अमेरिकेत १९८९ मध्ये पहिली मंजुरी मिळाली ती तिरळेपणाला आणि पापण्या गच्च मिटण्याच्या विकाराला. भुवयांमधल्या रेघांसाठीची मंजुरी २००२ ची. त्यामुळे त्याला वाईट म्हणण्याचा माझा विचार नाही. दोष औषधाचा नव्हता, डोसचाही नव्हता. ज्या स्नायूवर डोळे टांगलेले होते त्याला सुटी दिली गेली.

लग्नापुरता तोडगा काढला. अॅप्राक्लोनिडीनचे थेंब म्युलर स्नायूला चेतवतात आणि पापणी मिलिमीटर-दोन मिलिमीटर उचलतात. बीपी बघून, एकदा दवाखान्यात घालून बघून मग दिले. उजवीकडे दीड मिलिमीटर मिळालं. वाचायचा चष्मा वेगळा करून दिला, कारण दोन नंबरांच्या चष्म्यात हनुवटी वर गेली की चुकीच्या भागातून बघितलं जातं आणि पायरी चुकते. लग्नाच्या फोटोंत बाई किंचित ताठ मानेने उभ्या दिसतात. विहिणीला ते मानी वाटलं असेल तर असो, असं त्याच म्हणाल्या.

संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्याला, त्या गेल्या. उंच नंदीध्वजांच्या मिरवणुकीत सगळ्यांच्याच माना वर असतात, त्या दिवशी बाई गर्दीत वेगळ्या दिसल्या नाहीत. फेब्रुवारीअखेर भुवया हलू लागल्या, मार्चमध्ये आठ्या परत आल्या आणि डोळे पूर्वीइतके उघडू लागले. आठ्या परत आल्याचा एवढा आनंद झालेला दुसरा रुग्ण मला आठवत नाही.

कपाळ कामावर आल्यावर पुन्हा मोजलं. समोर बघताना उजवीकडे २, डावीकडे ३. हेच त्यांचं इंजेक्शनपूर्वीचं ‘नॉर्मल’ होतं, आणि ते नॉर्मल नव्हतं. नजरेच्या वरच्या क्षेत्राची तपासणी दोनदा केली, एकदा तशीच, एकदा पापण्या चिकटपट्टीने वर बांधून. पहिल्या कागदावर वरचा पट्टा काळा, दुसऱ्यावर मोकळा. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचे डबे हात फिरवून शोधायची सवय कुठून लागली होती, ते त्यावरून कळलं.

टेबलावर

ऑपरेशनचा विचार करताना एक छोटी परीक्षा करतो. बाईंची उजवी पापणी बोटाने वर धरली, तर काही क्षणांत डावी खाली आली, मिलिमीटरभर. दोन्ही लिव्हेटरना मेंदूतल्या एकाच केंद्रातून सारखाच हुकूम जातो. उजवीसाठी जास्त जोर लावला जात होता, त्यात डावीचंही दुखणं झाकलं गेलं होतं. एकच बाजू केली असती तर महिन्याभरात “आता डावी पडली” म्हणत त्या परत आल्या असत्या. म्हणून दोन्ही.

पापण्यांच्या शस्त्रक्रियेचं खास शिक्षण घेतलेल्या सहकाऱ्यांनी ऑपरेशन केलं, मी शेजारी होते. भूल जागेपुरती, कारण रुग्ण जागा हवा. घडीवर छेद, डोळा मिटणारा पातळ स्नायू, ऑर्बिक्युलॅरिस, बाजूला, मग पिवळी चरबी आणि तिच्या मागे लिव्हेटरचा पांढुरका पडदा. उजवीकडे त्याची कड पट्टीपासून चांगली मागे सरकलेली होती आणि मधला भाग इतका विरळ की त्यातून खालचं दिसत होतं. कड पुढे ओढून पट्टीला टाके घातले. मग दिवा बाजूला करून बाईंना उठून बसवलं, “समोर बघा, कपाळ सोडा” म्हटलं. कपाळ सोडायचं म्हणजे काय करायचं, हे त्यांना कळेना. इतक्या वर्षांत त्यांनी ते कधी केलंच नव्हतं. सहकाऱ्यांनी कपाळावर तळहात ठेवला, तेव्हा कुठे उंची बघता आली आणि डावीकडचा एक टाका सैल करावा लागला.

जादा कातडी किती काढायची हा यातला नाजूक भाग. पापणी वर आली की कपाळ आपोआप आखडणं सोडतं, भुवई खाली बसते आणि कातडीची नवी घडी डोळ्यावर येते. म्हणून मोजमाप भुवई खाली दाबून करायचं. पण हात राखून, कारण जास्त काढली तर डोळा मिटत नाही, आणि साठीनंतर आधीच कोरडे झालेले डोळे उघडे राहिले तर बुबुळाला जखम होते.

नंतर

तीन महिन्यांनी दोन्हीकडे साडेतीन मिलिमीटर. भुवया खाली उतरल्या, उजवी जास्त. आठ्या निम्म्याहून कमी झाल्या, पण खोल रुतलेल्या दोन तशाच आहेत. कातडीत कोरलेली रेघ स्नायू सुटला म्हणून मिटत नाही. संध्याकाळचा बाम आठवड्यातून कधीतरी लागतो. बीपीच्या गोळ्या आहेत तेवढ्याच आहेत.

मुलगी पूर्ण खूश नाही. भुवया खाली आल्यामुळे आई आता पूर्वीपेक्षा कडक दिसते, असं तिचं म्हणणं. तिला वर्षानुवर्षं त्या चढलेल्या भुवयांचा चेहरा पाहायची सवय, त्यातला कौतुकाचा भाव तिला आईचा वाटायचा. तिची तक्रार मला खोटी वाटत नाही. चेहऱ्यावरून स्वभाव वाचणाऱ्याला त्यामागे चाललेली मेहनत दिसत नसते. बाईंना विचारलं तर म्हणतात, “शाळा असती तर बरं झालं असतं. पोरं भ्याली असती.”

विम्याचा दावा पहिल्यांदा सौंदर्यासाठीचं ऑपरेशन म्हणून परत आला. नजरेच्या क्षेत्राचे दोन्ही कागद आणि भुवई दाबून धरलेले फोटो जोडून तो पुन्हा पाठवला, मग मंजूर झाला. असं ऑपरेशन करणाऱ्यांनी हे कागद आधीच करून ठेवावेत, नंतर पळापळ होते.

इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांशी माझं फोनवर बोलणं झालं. माणूस प्रामाणिक. त्यांनी विचारलं, आधी कसं ओळखायचं? मी सांगितलं ते असं: रुग्णाला डोळे अलगद मिटायला सांगा आणि कपाळ पूर्ण सैल होऊ द्या. भुवया अंगठ्याने तिथेच धरा, मग डोळे उघडायला सांगा. पापणी बाहुलीवर येत असेल किंवा तुमच्या अंगठ्याखाली कपाळ धडपडत असेल, तर सुई खाली ठेवा. पन्नाशीच्या पुढे दोन्ही भुवया सारख्या उंचीवर आहेत का हे बघा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का, कॉन्टॅक्ट लेन्स वर्षानुवर्षं वापरली आहे का, संध्याकाळी कपाळ दुखतं का, हे विचारा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. आता त्यांच्याकडून अधूनमधून असे रुग्ण माझ्याकडे येतात.

बाईंच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू अजून काढायचा आहे. नजर सध्या ६/१८ आहे, घाई नाही, त्या दिवाळीनंतरचं म्हणतायत. त्या ऑपरेशनआधी दोन्ही पापण्यांची उंची आणि भुवयांची जागा फोटोसकट फाइलमध्ये लावायची आणि नंतर सहा महिन्यांनी पुन्हा मोजायची, असं ठरलंय.